मँगनीज कोणतं, गोटा कोणता?

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, की सर, तुमचा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला, तुम्ही खनिजाच्या फेसात कशाला उतरता? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका विद्यार्थिनीपासून सुरू होतं.

फार वर्षं झाली. आम्ही तर्कशास्त्राच्या तासाला ‘व्याख्या’ हा भाग शिकवत होतो. वर्गात तुमसर भागातली मुलं-मुली बरीच. म्हणून उदाहरण तिकडचंच घेतलं आणि विचारलं, धातुक म्हणजे काय? पुस्तकी उत्तरं आली. ज्यातून धातू फायदेशीरपणे काढता येतो ते खनिज, वगैरे. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “मायनं टोपल्यात टाकलं थे मँगनीज, अन् फेकलं थो गोटा.” वर्ग हसला. आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र लक्षात आलं, की त्या तासाला सगळ्यात काटेकोर व्याख्या तिनंच केली होती. दगड आपल्या अंगावर ‘मी धातुक’ असं लिहून जमिनीतून वर येत नाही. कुणीतरी निवाडा करतं. तो कोण करतं आणि कशाच्या आधारानं करतं, याचा इतिहास आज आपल्याला बघायचा आहे. तो इतिहास चिखला-डोंगरीच्या खाणीपासून निघतो आणि जाता जाता आपल्या चुलीवरच्या पेजेपर्यंत येतो.

आधी आपला जिल्हा. भंडारा म्हटलं की तळी, धान आणि पितळेची भांडी. पण तुमसर तालुक्याचा उत्तर भाग सातपुड्याच्या पायथ्याला टेकलेला आहे, आणि तिथे चिखला, डोंगरी बुजुर्ग, सीतासावंगी ही मँगनीजची गावं आहेत. भारतात मँगनीजचं खाणकाम सुरू झालं ते १८९२ च्या सुमारास आंध्रच्या किनाऱ्याकडे, विझागापट्टम जिल्ह्यात. मध्यप्रांतात ते १९०० च्या आगेमागे आलं. त्याआधी १८९६ मध्ये ‘सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ स्थापन झालं होतं. पुढे त्याची ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी’ झाली, ती नोंदलेली इंग्लंडात. १९६२ मध्ये नवी कंपनी उभी राहिली. तिच्यात ५१ टक्के वाटा भारत सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचा, आणि ४९ टक्के जुन्या ब्रिटिश कंपनीचा. १९७७ मध्ये तो ४९ टक्केही सरकारनं घेतला. आज आपण जिला ‘मॉइल’ म्हणतो ती ही कंपनी. मुख्यालय नागपूरला.

या खनिजाचा पहिला मोठा अभ्यास केला लुईस ली फर्मोर या भूशास्त्रज्ञानं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी त्यानं लिहिलेला मँगनीजवरचा जाडजूड ग्रंथ १९०९ चा. आपल्याकडच्या मँगनीजवाल्या खडकाला त्यानं नाव दिलं ‘गोंडाइट’, इथल्या गोंड लोकांवरून. आज जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकात तो शब्द आहे. गोंडांचं नाव असं दगडाला लागलं. खाणीवर राबलेल्या गोंड बायामाणसांची नावं मात्र कुठल्या ग्रंथात शोधायची?

आता निवाड्याकडे येऊ. सुरुवातीच्या काळात खनिज फोडायचं, आणि मग बायका हातानं निवडायच्या. काळं, जड, चकाकणारं एकीकडे, पांढरट-तपकिरी दुसरीकडे. हातात हातोडी, जवळ टोपलं. डोळ्याला रंग कळतो, हाताला वजन कळतं. या दोन गोष्टींवर एक आख्खा निर्यात-धंदा उभा होता. पुढे १९५२ च्या खाण कायद्यानं स्त्रियांना जमिनीखालच्या कामाला मनाई केली, ती २०१९ मध्ये सैल झाली. पण जमिनीवर बसून निवडण्याचं काम बायकांकडेच राहिलं.

आणि काय टाकायचं, काय ठेवायचं हे फक्त डोळा ठरवत होता असंही नाही. रेल्वेचं भाडं ठरवत होतं! आपला माल विलायतेला जायचा. तुमसरहून मुंबईचं बंदर रेल्वेनं सुमारे नऊशे किलोमीटर. एवढ्या लांब दगड वाहून न्यायचा तर त्यात ५० टक्क्यांच्या आसपास मँगनीज हवंच, नाहीतर भाडंसुद्धा निघायचं नाही. बंदराजवळच्या खाणीला कमी प्रतीचा माल विकता यायचा, आपल्याला नाही. म्हणजे बघा, ३० टक्के मँगनीज असलेला दगड किनाऱ्यालगत धातुक आणि चिखल्याला गोटा! दगड तोच. मग आपल्याकडे उरलेल्या दगडाचे आणि चुऱ्याचे ढीग पडले. त्यांतले काही पुढच्या काळात पुन्हा उकरून चाळले गेले. काही पावसाळे झेलत उभे राहिले.

आता निवडण्याच्या रीती पाहू. या घरातल्याच आहेत. धान्याचं आपण काय करतो? निवडतो, पाखडतो आणि रोळतो. निवडणं म्हणजे डोळ्यानं खडा वेचणं, खाणीवरच्या बाईचं काम तेच. पाखडणं म्हणजे सुपात वाऱ्याच्या मदतीनं हलकं-जड वेगळं करणं. आणि रोळणं? रोवळीत तांदूळ घेऊन पाण्यात झटके द्यायचे, खडे तळाला बसतात, तांदूळ वर राहतो. खाणीवर ‘जिग’ नावाचं यंत्र असतं. ते दुसरं तिसरं काही करत नाही, मोठ्या प्रमाणावर रोळतं. पाणी खालून वर धक्के देतं, जड कण खाली जातात, हलके वर राहतात.

पण रोळायला वजनात फरक लागतो. गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, पाण्याच्या २.६५ पट जड. आपल्या मँगनीजमधलं मुख्य खनिज ब्राउनाइट, ते साधारण ४.७ पट. हा फरक भरपूर आहे, जिग आनंदानं काम करतो. गोंडाइट खडकात मात्र आणखी एक पाहुणा असतो, स्पेसार्टाइन नावाचा गार्नेट. तो ४.२ पट जड. ब्राउनाइटच्या अगदी जवळ. इथे रोवळी गडबडते. दुसरी अडचण बारकाईची. खनिज आणि गारगोटी एकमेकांत इतकी बारीक गुंतलेली असतात, की सुटी करायला दळावं लागतं. दळलं की पीठ होतं. पीठ रोळता येतं का? कुठल्याही आजीला विचारा. केसाच्या जाडीइतका कण पाण्यात बुडायलाच इतका वेळ लावतो, की त्याचं वजन हा पुरावा निकामी होतो. डोळा तर केव्हाच बाद झालेला असतो.

म्हणजे साक्षीदार बदलायला हवा. रंग चालत नाही, वजन चालत नाही. मग कण कशावरून ओळखायचा? इथे विसाव्या शतकाच्या आरंभी माणसाला जी युक्ती सापडली ती आम्हाला तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनंही मोलाची वाटते. कणाच्या पोटात काय आहे हे न विचारता, त्याच्या पृष्ठभागाला पाणी आवडतं की नाही एवढंच विचारायचं.

अळूचं पान आठवा. त्यावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळतो. पानाला पाणी आवडत नाही. शेजारच्या दुसऱ्या पानाला तेच पाणी लपेटून बसतं. खनिजांतही असे दोन स्वभाव आहेत. आता बारीक दळलेलं खनिज पाण्यात ढवळा, थोडं तेलकट द्रव्य घाला आणि खालून हवेचे बुडबुडे सोडा. ज्या कणाला पाणी नको तो बुडबुड्याला चिकटतो आणि फेसाबरोबर वर येतो. ज्याला पाणी हवं तो भिजून खाली राहतो. दहावीच्या पुस्तकात याला ‘फेनतरण’ म्हटलंय. दगड तरंगतो! आणि इथे जड दगडसुद्धा तरंगतो.

या तंत्राचा जन्म कुठे झाला, तेही ऐका. एल्मोर बंधूंनी १८९८ मध्ये ब्रिटनमध्ये तेलानं खनिज वेगळं करण्याचं पेटंट घेतलं. पण खरी कसोटी लागली ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल इथे. तिथे शिसं आणि चांदी काढून झाल्यावर जस्ताचं खनिज असलेल्या चुऱ्याचे डोंगर उरले होते. जस्त आहे हे सगळ्यांना माहीत, काढता कुणालाच येईना. का? तर जस्ताच्या खनिजाबरोबर ऱ्होडोनाइट आणि गार्नेट होते, आणि तिघांची वजनं जवळजवळ. ऱ्होडोनाइट हे मँगनीजचंच सिलिकेट. म्हणजे आपल्या चिखल्यासारखंच दुखणं! १९०२ ते १९०५ च्या दरम्यान तिथे फेनतरणाच्या वेगवेगळ्या रीती पुढे आल्या आणि लाखो टन कचरा एकदम धातुक झाला. त्या ढिगातला एक कणही बदलला नव्हता. विचारायचा प्रश्न तेवढा बदलला.

आता पेज कुठे येते? सांगतो.

फेनतरणाची मोठी अडचण अशी, की तेलकट द्रव्य हवं त्यालाच चिकटेल याची खात्री नाही. दोन्ही प्रकारचे कण वर यायला लागले तर काय उपयोग? मग एकाला वर येऊ द्यायचं आणि दुसऱ्याला दाबून धरायचं, यासाठी आणखी एक द्रव्य लागतं. त्याला आपण ‘दाबक’ म्हणू. शिसं वर आणायचं आणि जस्त खाली ठेवायचं, यासाठी १९२२ पासून सायनाइड वापरात आलं. होय, तेच सायनाइड. काम चोख करतं, पण त्याच्याशी रोजची संगत कुणाला हवी असेल?

लोखंडाच्या खनिजात दाबक म्हणून जे पुढे आलं ते अगदी साधं होतं. स्टार्च. पिष्ट. मक्याचं, बटाट्याचं, तांदळाचं. १९३० च्या दशकापासून त्याचे प्रयोग दिसतात. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर चांगल्या प्रतीचं हेमेटाइट सरत आलं आणि बारीक गुंतलेल्या, हलक्या प्रतीच्या खनिजाकडे वळावं लागलं. मिशिगनमधल्या टिल्डन खाणीवर १९७४ पासून स्टार्चच्या मदतीनं लोहखनिज वेगळं करण्याचा मोठा कारखाना चालला. ब्राझीलमध्ये तर मक्याचा स्टार्च हे खाणीवरचं रोजचं सामान झालं. टनाला काहीशे ग्रॅमपासून किलोभरापर्यंत.

तिथली रीत गमतीची आहे. लोखंड वर आणत नाहीत. अमाइन नावाचं द्रव्य घालून वाळू, म्हणजे क्वार्ट्झ, फेसाबरोबर वर काढून टाकतात, आणि स्टार्च लोहखनिजाला खाली धरून ठेवतो. टाकायचं ते तरंगतं, ठेवायचं ते तळाशी उरतं. आम्ही वर्गात ‘नेति नेति’ शिकवायचो, हे नाही, तेही नाही असं करत जे उरतं ते. खाणवाल्यांनी तिथे त्याचाच कारखाना काढला म्हणायचा! गंमत सोडा. पण रीत पक्की आहे, कारण काढून टाकायची वाळू कमी आणि ठेवायचं खनिज जास्त असेल तर थोडंच वर उचलावं लागतं.

आता एक बारकावा. कच्चं पीठ घालून हे होत नाही. स्टार्चचे दाणे थंड पाण्यात मिटलेले असतात. ते उकळून किंवा कॉस्टिक सोड्यात घालून फुलवावे लागतात, म्हणजे आतल्या लांब साखळ्या सुटतात. म्हणून त्या खाणींवर पेज शिजते. मोहाडी, आंधळगाव, पवनीकडच्या जुन्या कोष्टी घरात कुणी वाढलं असेल तर त्याला हे सांगायला नको. ताण्याला पांजणी करताना पिठाची खळ शिजवूनच लावतात. न शिजलेली खळ सुताला धरत नाही, माग चालवला की पावडर होऊन झडते. सूत म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजचीच साखळी. खळही ग्लुकोजचीच साखळी. शिजली की एकमेकांना धरतात. अशा साखळ्यांना रसायनशास्त्रात पॉलिसॅकराइड म्हणतात, मराठीत बहुशर्करा. साखरेचे रेणू एकापुढे एक गुंफलेले.

मग खरा प्रश्न असा, की ही बहुशर्करा लोखंडाच्या कणाला धरते आणि वाळूला तेवढी का धरत नाही? यावर शास्त्रज्ञांत बरीच वर्षं वाद झाला. एक पक्ष म्हणाला, हायड्रोजन बंध. पण मग वाळूलाही हायड्रोजन बंध करता येतातच की. दुसरा पक्ष पुढे आला. लास्कोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की खनिजाच्या पृष्ठभागावर धातूचे हायड्रॉक्साइड गट असतात, आणि बहुशर्करा त्यांच्याशी जवळपास रासायनिक नातं जोडते. लोखंडाच्या कणाच्या अंगावर असे गट दाट, शुद्ध वाळूच्या अंगावर नाहीत. मात्र वाळूवर लोखंडाचा गंज बसला, तर स्टार्च तिलाही लोखंड समजून धरतो. पृष्ठभागावरून ओळख करणारा कुणीही असा फसतोच. माणसांचंही वेगळं नाही.

दुसरा एक शोध आम्हाला फार आवडतो. मूळचे केरळचे आणि पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवलेले पी. सोमसुंदरन यांनी १९६९ मध्ये कॅल्साइटवर स्टार्च आणि ओलिएट, म्हणजे साबणासारखं तेलकट द्रव्य, एकत्र घालून पाहिलं. वाटलं असेल, की स्टार्च जागा अडवेल आणि तेलकट द्रव्य कमी बसेल. झालं उलटंच. तेलकट द्रव्य जास्त बसलं, तरीही कण तरंगेना! कारण स्टार्चची साखळी स्प्रिंगसारखी पिळलेली असते. तिनं तेलकट शेपट्या आपल्या पोटात गुंडाळून घेतल्या आणि बाहेर पाण्याला आवडणारं अंग ठेवलं. कुस्तीत ढकलून पाडणं वेगळं आणि कवेत घेऊन निकामी करणं वेगळं. स्टार्च दुसऱ्या रीतीचा पैलवान.

स्टार्च एकटा नाही. गवार घ्या. आपण भाजी करतो त्या गवारीच्या बियांतला डिंक म्हणजे गवार गम. जगातल्या गवारीपैकी सुमारे ८० टक्के भारतात पिकते, मुख्यतः राजस्थानात. हा डिंक टाल्कसारख्या गुळगुळीत, आपोआप तरंगणाऱ्या खनिजाला खाली दाबतो, म्हणून निकेल आणि प्लॅटिनमच्या खाणींवर त्याला मागणी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गवार गम आणि डेक्स्ट्रिन यांवर १९९० च्या दशकापासून काम झालं. त्यात सायनाइडऐवजी हे चालेल का, हाही शोध होता. पुण्यात हडपसरला ‘टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर’ १९८१ मध्ये सुरू झालं. तिथे प्रदीप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लोहखनिजाच्या गाळातून चिकणमाती वेगळी करण्यासाठी स्टार्च आणि कृत्रिम पॉलिमर यांची तुलना केली. आपल्या लोहखनिजाचं दुखणं वाळूपेक्षा अ‍ॅल्युमिनाचं आहे, म्हणून अमेरिका-ब्राझीलची कृती जशीच्या तशी इथे लागू होत नाही. ज्याचं दुखणं त्यालाच औषध शोधावं लागतं.

इथे कुणी म्हणेल, सर, मग हे सगळं आपल्या पूर्वजांना माहीतच होतं. थोडं थांबू या. माहीत होतं काय, ते नेमकं सांगू. गढूळ पाण्यात निवळीचं बी उगाळून घातलं की गाळ खाली बसतो. त्या बियांत गवारीसारखीच एक बहुशर्करा असते. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘आत्मबोधा’त हाच दृष्टान्त येतो, की निवळीची पूड पाणी स्वच्छ करून स्वतःही तळाला जाते, तसं ज्ञान. गुऱ्हाळातलंही बघा. उसाच्या उकळत्या रसात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, मळी एकत्र येते, फेसाबरोबर वर येते आणि झाऱ्यानं काढून टाकतात. फेस आणि बहुशर्करा दोन्ही आले! आपल्याकडे तळी बांधणारा कोहळी समाज उसासाठीच ओळखला जायचा, तेव्हा गुऱ्हाळाचा फेस इथल्या माणसाला परका नाही. पण म्हणून आपल्याला फेनतरण माहीत होतं असं म्हणणं खोटं. चिकट रसानं मळ गोळा होतो हे माहीत होतं. दोन कणांच्या स्वभावातला फरक मोजून, एकाला धरायचं आणि दुसऱ्याला सोडायचं, हा प्रश्न आपण विचारला नव्हता. गुळाच्या कढईत तो पडलाच नाही. हातातलं ज्ञान आणि विचारलेला प्रश्न या दोन गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच ब्रोकन हिलचा ढीग धातुक झाला. अभिमान बाळगू, पण हिशेब चोख ठेवू.

आता परत भंडाऱ्याला. आपल्या मँगनीजच्या चुऱ्यावर स्टार्चचा उपाय चालेल का? स्टार्च मँगनीजच्या ऑक्साइडलाही धरतो, त्यामुळे वाळू वर काढून मँगनीज खाली ठेवणं शक्य कोटीतलं आहे आणि जगात त्यावर अभ्यास झालेत. पण तो लोखंडालाही धरतो. म्हणजे मँगनीजमध्ये लोखंड मिसळलेलं असेल तर स्टार्च त्यांचं भांडण मिटवू शकत नाही, तिथे चुंबक लागतो. शिवाय मँगनीजची मऊ ऑक्साइडं दळताना फार बारीक होतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाखालचा कण बुडबुड्यालाही नीट सापडत नाही. आणि दळायला वीज लागते, भाव त्याला पुरला पाहिजे. म्हणून आजही मँगनीजच्या खाणींवर राज्य आहे ते चाळणी, जिग आणि चुंबकाचं. हे प्रश्न सोडवायला लागणारी खनिज-प्रयोगशाळा दूर नाही. भारतीय खाण ब्युरो १ मार्च १९४८ ला स्थापन झाला, त्याचं मुख्यालय नागपूरला आणि प्रयोगशाळा हिंगण्याला.

याच ब्युरोनं आपल्या मूळ प्रश्नाला सरकारी उत्तरही देऊन ठेवलंय. खनिजाची किमान प्रत ठरवणारा आकडा असतो. त्याच्या वरचा दगड खनिज म्हणून जपून ठेवायचा, खालचा टाकाऊ. हेमेटाइटसाठी हा आकडा पूर्वी ५५ टक्के लोह होता, २००९ मध्ये तो ४५ झाला. एका अधिसूचनेनं देशभरातले ढीगच्या ढीग कचऱ्यातून खनिजात आले. मायनं टोपल्यात टाकलं थे मँगनीज. इथे माय म्हणजे राजपत्र, एवढाच फरक.

आणि आता जे सांगतो ते जरा जपून ऐका. ‘नैसर्गिक’ या शब्दाला भुलू नका. ब्राझीलमध्ये समार्को कंपनीच्या लोहखाणीवर मक्याचाच स्टार्च वापरात होता. ५ नोव्हेंबर २०१५ ला तिथलं फुंदाव धरण फुटलं, ज्यात धुऊन उरलेला गाळ साठवला होता. १९ माणसं गेली, बेंतो रॉद्रिगेस हे गाव गाळाखाली गेलं, दोसी नदी शेकडो किलोमीटर लाल झाली. स्टार्चमुळे धरण फुटलं असं नाही. पण दाबक गोड होता म्हणून धरण टिकलंही नाही. खनिज जितकं बारीक दळाल तितका गाळ बारीक, आणि बारीक गाळ पाणी सोडत नाही, वर्षानुवर्षं दह्यासारखा राहतो. शिवाय स्टार्चबरोबर अमाइन असतं, ते नैसर्गिकही नाही आणि माशांना मानवतही नाही. स्टार्च स्वतः पाण्यात कुजतो तेव्हा पाण्यातला प्राणवायू खातो. आपला जिल्हा तळ्यांचा. गावोगावी मामा तलाव आहेत, त्यांवर धान आहे, ढिवरांची मासेमारी आहे. इथे उद्या कुणी ‘भाताच्या पेजेनं खनिज धुतो, काही त्रास नाही’ असं म्हणालं, तर पेजेचं कौतुक करून पुढचा प्रश्न विचारायचा: गाळ कुठे ठेवणार, पाणी कुठे सोडणार, आणि पावसाळ्यात काय करणार?

दुसरा प्रश्न हातांचा. निवाडा डोळ्याकडून रोवळीकडे, रोवळीकडून फेसाकडे गेला, तेव्हा प्रत्येक पायरीला काही हात रिकामे झाले. त्या कामाचं आम्ही उदात्तीकरण करत नाही. उन्हात बसून, धुळीत, पाठ मोडेपर्यंत दगड निवडणं हे कुणी आपल्या मुलीसाठी मागणार नाही. त्या मुलीच्या मायनंही मागितलं नव्हतं, म्हणून तर मुलगी आमच्या वर्गात होती. पण पन्नास वर्षं ज्या हातांनी दगडाची प्रत ओळखली, त्या हातांचं ज्ञान कुठल्या प्रयोगशाळेनं कधी विचारून घेतलं का? चुऱ्याच्या कुठल्या ढिगात काय आहे, कुठल्या वर्षी कुठल्या थरातला माल टाकला, हे त्यांना ठाऊक होतं. उद्या ते ढीग पुन्हा तपासायचे झाले, तर नमुना घ्यायला माणूस पाठवतील, भोकं पाडतील. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईजवळ तासभर बसतील की नाही, सांगता येत नाही. आम्ही म्हणतो, आधी बसा. तिला मजुरी द्या त्या तासाची, आणि लिहून घ्या.

एवढंच सांगायचं होतं. जो दगड आपण फेकतो, तो आपल्या त्या दिवसाच्या साधनानं, त्या दिवसाच्या भावानं आणि बंदराच्या अंतरानं फेकलेला असतो. म्हणून फेकलेल्यावर शेवटचा शिक्का मारू नये, आणि फेकलेलं पुन्हा उचलायचं ठरवणाऱ्यानं त्याची किंमत कुणाच्या तळ्यात पडते हेही आधीच मांडावं. पेज शिजवायला आपल्याला कुणी शिकवायला नको. ढिगावर बसून प्रश्न विचारायला मात्र आपल्याला शिकावं लागेल.

ती मुलगी पुढे शिक्षिका झाली असं कानावर आलं. तिच्या शाळेतल्या मुलांना ती दहावीचं ‘फेनतरण’ शिकवत असेल तर आईच्या टोपल्यापासून सुरू करत असेल, अशी आमची समजूत आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ. खाणीकडच्या गावांतून कुणी आलं असेल तर त्यांनी आधी बोलावं.